दोष बिजागरीचा, बोलणी पाठीला

"पोक काढून बसू नकोस" हे लहानपणी घरोघरी ऐकू येणारं वाक्य आता ऑफिसकडून ऐकू येतं, जरा सभ्य भाषेत एवढंच. गेल्या वर्षी आमच्याकडे ‘कामाच्या जागी योग्य बैठक’ या विषयावर तासाभराचं ऑनलाइन सत्र झालं. फिजिओथेरपिस्ट बाई छान बोलत होत्या. कान खांद्यांच्या रेषेत, खांदे सैल, कोपरं काटकोनात, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला. मी सहज पुढच्या रांगांकडे पाहिलं. चाळीसेक माणसं हे सगळं लॅपटॉपमध्ये डोकं खुपसून ऐकत होती. मीही त्यांतलीच. शेवटी एकाने विचारलं, "पण मॅडम, लॅपटॉपवर हे जमवायचं कसं?" त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "वेगळा कीबोर्ड घ्या." तो घ्यायचा कोणी, हे मात्र कोणी विचारलं नाही. सत्र संपलं. पुढचं सगळं लिहिणं त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी शिवणाची टेप काढली. माझी उंची १५२ सेंटीमीटर. टेबल जमिनीपासून ७४; ऑफिसातली टेबलं बहुतेक याच्याच आसपास असतात. लॅपटॉप उघडला की पडद्याची वरची कड टेबलापासून २२ सेंटीमीटरवर येते, आणि नेहमीसारखी बसले की माझे डोळे ४२ वर. फरक २० सेंटीमीटरचा. पंजा पसरून पाहिला तर बरोबर एक वीत. या एका वितेपायी मान दिवसभर खाली. मग कपाटातल्या जाडजूड फायली काढून वीतभर उंचीची चळत रचली आणि लॅपटॉप तिच्यावर ठेवला. पडदा झकास डोळ्यांसमोर आला. कीबोर्ड मात्र जवळजवळ खांद्यापर्यंत चढला. टाइप करताना मी दोन्ही हात वर करून शरण आल्यासारखी दिसत असणार. चार ओळींत खांदे भरून आले. फायली कपाटात गेल्या, मान होती तिथे गेली.

गोम सगळी एवढीच आहे. बसलेल्या माणसाचे डोळे आणि त्याची कोपरं यांच्यात साधारण अर्ध्या मीटरचं अंतर असतं. डोळ्यांना पडदा हवा असतो वर, हातांना कीबोर्ड हवा असतो खाली. लॅपटॉपमध्ये हे दोन्ही एका बिजागरीने जखडलेले आहेत आणि त्यांच्यातलं अंतर त्या अर्ध्या मीटरच्या निम्मंही नाही. मान वाचवली तर खांदे जातात, खांदे वाचवले तर मान. अशा यंत्रापुढे बसलेल्याला "नीट बस" म्हणणं म्हणजे दांडा नसलेलं फावडं हातात देऊन "वाकू नकोस" म्हणण्यासारखं आहे.

संगणक पहिल्यापासून असा नव्हता. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पीसीला पिळाच्या वायरने जोडलेला स्वतंत्र कीबोर्ड होता. टेबलावर ठेवा, मांडीवर घ्या, मागे रेला, पडदा आपल्या जागी. पुढच्याच वर्षी ग्रिड कंपास नावाचा, शिंपल्यासारखा मिटणारा संगणक आला. त्याची घडण बिल मॉग्रिज यांची. पाचेक किलोचं ते धूड फिरतीवरच्या माणसाला बॅगेत घालून नेता यावं, एवढाच त्या बिजागरीचा उद्देश होता. नासाने तो स्पेस शटलमधूनही नेला. तिथे तर तो निर्दोषच म्हणायला हवा, कारण अंतराळात डोक्याला वजन नसतं. जमिनीवर मात्र २००८ च्या सुमारास जगभरात लॅपटॉपची विक्री टेबलावरच्या संगणकांच्या पुढे गेली, आणि प्रवासापुरता आलेला हा भाडेकरू घरमालक होऊन बसला. त्याच्यामुळे कामाच्या वेळा बदलल्या, जागा बदलल्या, सुट्ट्याही बदलल्या. बिजागरी तेवढी तशीच राहिली.

हे आधी कोणाला कळलं नव्हतं असंही नाही. युरोपीय समुदायाने १९९० मध्ये पडद्यासमोर काम करणाऱ्यांसाठी एक निर्देश काढला, क्रमांक ९०/२७०. त्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलंय की कीबोर्ड कलता करता यावा आणि तो पडद्यापासून वेगळा असावा, म्हणजे हात न थकवता सोयीचं बसता येईल. एक सवलत ठेवली ती उचलून नेण्याजोग्या संगणकांना, तीही कामाच्या जागी ते दीर्घकाळ वापरात नसतील तर. म्हणजे प्रवासात, तासाभरासाठी, अडीअडचणीला. आठ-आठ तास, आठवड्याचे पाच दिवस त्याच यंत्रावर बसणारा माणूस त्या सवलतीत बसतच नाही. त्याच धर्तीवर ब्रिटनने १९९२ मध्ये केलेले नियम तर सांगतात की कामाची जागा नीट आहे का हे तपासायचं मालकाने, आणि कर्मचाऱ्याने मागितली तर डोळ्यांची तपासणीही मालकाच्याच खर्चाने. यात "ताठ बसा" असा उपदेश करून मोकळं व्हायची सोय नाही. आधी बसण्याजोगं द्या, मग शिकवा, असा तो क्रम आहे. आपल्या ऑफिसांनी दुसरी पायरी तेवढी उचलली, कारण तिला एका व्हिडिओपेक्षा जास्त खर्च येत नाही.

बैठ्या कामाने माणूस झिजतो ही जाण तर फारच जुनी. इटलीतले वैद्य बेर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि १७१३ च्या वाढीव आवृत्तीत लेखनिकांवर स्वतंत्र प्रकरण घातलं. लेखनिकांच्या दुखण्याची कारणं त्यांनी तीन सांगितली. सतत बसणं, हाताची एकाच दिशेने अखंड चाललेली हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर पडणारा ताण. तीनशे वर्षांत बोरू जाऊन माऊस आला, यादीत खोडण्यासारखं काही नाही. रामाझिनींचा आग्रह होता की वैद्याने रोग्याला आणखी एक प्रश्न विचारावा: तुम्ही काम काय करता? गंमत अशी, की माझी मान आखडली तेव्हा पहिल्या डॉक्टरांनी मला उशी कोणती वापरता हे विचारलं, कामाबद्दल काहीच नाही.

आता मी माझ्याच बाजूच्या लोकांना थोडं दुखावणार आहे. "ताठ बसा" या मंत्रामागचं विज्ञान आपल्याला वाटतं तितकं ताठ नाही. स्वीडनच्या आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात मणक्यांमधल्या गादीतला दाब प्रत्यक्ष मोजला आणि उभं राहण्यापेक्षा बसताना तो बराच वाढतो असं दाखवलं. पाठ्यपुस्तकांनी ते उचललं. मग १९९९ मध्ये जर्मनीतल्या उल्मच्या संशोधकांनी एका स्वयंसेवकाच्या कमरेच्या गादीत संवेदक बसवून पुन्हा मोजलं. पाठीला टेका न देता बसल्यावर दाब उभं असतानाच्या जवळपासच निघाला, आणि खुर्चीत सैल, मागे रेलून बसल्यावर तर चक्क कमी. माणूस एकच, त्यामुळे त्यावर फार उड्या मारायचं कारण नाही. पण काटकोनात बसलेल्या त्या सुप्रसिद्ध चित्रातल्या माणसावरचा माझा विश्वास तेव्हापासून उडाला.

तीच गत त्या सत्तावीस किलोंची. मान साठ अंश वाकवली की मणक्यावर २७ किलोंचा भार येतो हे सांगणारं चित्र प्रत्येकाच्या फोनवर कधी ना कधी आलेलं असतं. तो आकडा २०१४ मध्ये एका शल्यविशारदाने संगणकावर मांडलेल्या प्रारूपातून आला. कोणाच्या मानेत काटा लावून कोणी वजन केलेलं नाही. तरफेचं तत्त्व मात्र खरंच आहे. डोकं पाचेक किलोंचं. भरलेली बादली अंगालगत धरली तर बराच वेळ धरवते, हात लांब करून धरली तर मिनिटभरात दंड थरथरतो. पुढे झुकलेलं डोकं म्हणजे ती लांब धरलेली बादली, आणि ती धरून ठेवणारे मानेमागचे स्नायू. न हलता आकसून राहिलेला स्नायू स्वतःतल्याच रक्तवाहिन्या दाबतो. त्याला थकण्यासाठी मोठं ओझं लागत नाही, न संपणारं ओझं पुरतं. मणक्यांमधल्या गाद्यांचं तर मोठेपणी स्वतंत्र रक्त येणंही जवळपास थांबलेलं असतं. भार चढला-उतरला, स्पंज दाबला-सोडला, की आजूबाजूचा द्रव आत-बाहेर होतो आणि त्यावर त्यांचं पोषण चालतं. स्पंज एकाच जागी दाबून धरला तर आत काय जाणार?

थोडक्यात, वाकडं बसल्याने जितकं बिघडतं त्यापेक्षा तसंच बसून राहिल्याने जास्त बिघडतं. ताठ बसून राहणंही याला अपवाद नाही. फिजिओथेरपिस्टांत एक वाक्य प्रचलित आहे, की सर्वांत चांगली बैठक म्हणजे पुढची बैठक. मला ते पटतं, आणि नेमक्या याच ठिकाणी चतुर माणूस हात वर करतो: आदर्श बैठक अशी काही नसतेच, तर मग वेगळ्या कीबोर्डचं एवढं कौतुक कशाला?

कौतुक यासाठी की बदलायला जागा लागते. लॅपटॉपवर काम करणाऱ्याला बैठक बदलून बदलून बदलायची तरी किती? हात कीबोर्डवर हवेत, डोळे पडद्यावर हवेत आणि दोन्ही एका पुस्तकाएवढ्या पट्ट्यात आहेत. खुर्ची मागे केली की हात पोचत नाहीत, पुढे केली की पोक. बिजागरी तोडा, म्हणजे कीबोर्ड-माऊस वेगळे आणा, की एकदम चार-पाच तऱ्हांनी बसता येतं. मी दुपारी तीननंतर खुर्चीची पाठ मागे टाकते, कीबोर्ड मांडीवर घेते आणि पडदा हातभर लांब सरकवते. मजकूर मोठा करावा लागतो, बास. पाठीला त्यात जे सुख मिळतं ते सकाळच्या काटकोनात नाही. एकदा मला असं रेललेलं पाहून वरच्या पदावरच्या एका गृहस्थांनी हसत विचारलं, "आज काम कमी दिसतंय?"

त्यांचा दोष नाही. आपली भाषाच अशी आहे. मन लावून केलेल्या कामाला आपण ‘मान मोडून केलेलं काम’ म्हणतो. अभ्यासू माणसाची ‘बैठक’ पक्की असते. कामाला ‘जुंपलं’ जातं आणि आराम करणारा ‘लोळत’ असतो. मान मोडणं हे जिथे कौतुकाचं बोल आहे तिथे मागे रेलून टाइप करणारी बाई कामचुकारच दिसणार. शरीराला बरं पडेल अशा बहुतेक गोष्टी ऑफिसात आळशी दिसतात. उठून खिडकीशी जाणं, हात ताणणं, उभ्याने वाचणं, दर अर्ध्या तासाने पाणी प्यायला जाणं.

आणि आता तर दिसण्याची नोंदही होते. चॅटमध्ये नावापुढे हिरवा ठिपका असतो. काही मिनिटं माऊस हलला नाही की तो पिवळा. आमच्या मजल्यावरचा एक मुलगा उठताना मनगटातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवतो आणि त्याच्या तबकडीवर माऊस. खाली सेकंदकाटा फिरत राहतो, ठिपका हिरवा राहतो, मुलगा जिना चढून-उतरून येतो. हे पाहिलं तेव्हा मी खूप हसले. नंतर मनात आलं, पाठ मोकळी करून येण्यासाठी या पोराला चोरासारखी युक्ती करावी लागते, आणि त्याच आठवड्यात त्याला आरोग्यसत्राची सक्तीची हजेरी लावावी लागली होती. उठायला सांगायचं आणि उठलं की टिपून ठेवायचं, या दोन गोष्टी एकाच ऑफिसात कशा नांदतात, हे कोणीतरी समजावून सांगावं. २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचा एकत्रित अभ्यास आला होता, दिवसाचे आठ तास बसणाऱ्यांनाही रोज साठ ते पंचाहत्तर मिनिटांच्या मध्यम व्यायामाने त्या बसण्याचा वाढीव मृत्युधोका जवळपास पुसता येतो, असा त्याचा निष्कर्ष. दिलासा आहे, पण तो सव्वा तास आठ तासांच्या बाहेर कोणाच्या दिवसातून काढायचा, हा हिशेब पुन्हा कर्मचाऱ्याच्याच खात्यावर पडतो. तासाची मीटिंग पन्नास मिनिटांत संपवणं इतकं अवघड आहे का?

खुर्चीबद्दल थोडं. महागडी खुर्ची आणली की प्रश्न सुटला, हा खरेदी विभागाचा आवडता समज. खुर्च्या माझ्याकडेही चांगल्या होत्या, खालच्या दांड्या कशासाठी असतात ते कोणी सांगितलं नव्हतं. माझी एक सहकारी चार वर्षं अशा खुर्चीत बसली जिची पाठ मागे होते हे तिला ठाऊकच नव्हतं. आणि टेबल? ७४ सेंटीमीटरच्या टेबलावर माझी कोपरं नीट यायला खुर्ची इतकी वर घ्यावी लागते की पाय लोंबकळतात. मी कागदाच्या रिमांचं रिकामं खोकं पायाखाली घेते. ते दर दोन महिन्यांनी सफाईत नाहीसं होतं. ही टेबलं कुठल्याशा सरासरी माणसासाठी बनवलेली आहेत, आणि तो माणूस माझ्यापेक्षा बराच उंच आहे. १९५० मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण अधिकाऱ्याने ४,०६३ वैमानिकांची मापं तपासली होती. कॉकपिट सरासरी मापाचं होतं, तर प्रत्यक्षात सरासरी वैमानिक किती, एवढंच पाहायचं होतं. दहाच्या दहा मापांत सरासरीच्या जवळपास बसणारा एकही निघाला नाही. हवाई दलाने वैमानिकांना "नीट बसा" असं सांगितलं नाही. पुढे-मागे, वर-खाली होणारी आसनं आणि पट्टे मागवले. विमानं पडत होती म्हणून असेल. पाठदुखीने काही आकाशातून पडत नाही.

उभ्याने काम करायच्या टेबलांची हवा हल्ली बरीच आहे. वर-खाली होत असेल तर ते उत्तमच. पण दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या कोणालाही त्याच्या पोटऱ्यांबद्दल विचारा, म्हणजे बसण्याला पर्याय म्हणून उभं राहणं हे औषध किती घ्यायचं ते कळेल.

आक्षेप आहेत, आणि सगळेच फालतू नाहीत. दुखणं नुसत्या बैठकीने येत नाही. झोप, काळजी, कामाचा जाच, सगळं त्यात मिसळलेलं असतं. ऑस्ट्रेलियात १९८० च्या दशकात कीबोर्डवर काम करणाऱ्यांमध्ये हातदुखीची मोठी लाट आली होती. ती यंत्रामुळे की कामाच्या दडपणामुळे, यावर तिथले डॉक्टर वर्षानुवर्षं भांडले. मान्य. पण यंत्र काय द्यायचं आणि दडपण किती टाकायचं, या दोन्ही गोष्टी ठरतात एकाच दालनात, आणि तिथे माझी पाठ नसते. दुसरा आक्षेप असा की लॅपटॉप माणसाला कुठेही बसून काम करायची मुभा देतो, मग तो कुठे कसा बसतो याची जबाबदारी ऑफिसने का घ्यावी? मुभा खरीच, मलाही ती प्रिय आहे. मात्र कुठेही काम करता येतं म्हणून कुठेही काम अपेक्षित असतं, आणि त्या अपेक्षेचा फायदा ज्याला मिळतो त्याने पिशवीत चार्जरशेजारी एक कीबोर्डही घालावा, यात अन्याय तो कसला? तिसरा आक्षेप खर्चाचा. लॅपटॉपच्या किमतीपुढे साधा कीबोर्ड, माऊस आणि घडीचा स्टँड ही किरकोळ रक्कम आहे. ती लॅपटॉपच्याच खरेदीपत्रात घातली तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. वेगळी मागितली की मात्र तिला तीन सह्या लागतात.

तीन सह्यांचं मी अंदाजाने लिहीत नाही. मानेपासून उजव्या अंगठ्यापर्यंत मुंग्या यायला लागल्या तेव्हा मी रीतसर अर्ज केला: एक कीबोर्ड, एक माऊस, एक स्टँड. आठ दिवसांनी उत्तर आलं की धोरणानुसार अशी साधनं वैद्यकीय कारणासाठीच देता येतात, सबब डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडावं. मी जोडलं. दुखण्याचं नाव, किती आठवडे, कोणत्या बाजूला, सगळं त्यात होतं. महिन्याने खोकं आलं.

पलीकडच्या टेबलावर नुकतीच रुजू झालेली मुलगी आहे, चोवीस-पंचविशीची. लॅपटॉपवर छान गोल होऊन बसते. त्या दिवशी तिने माझा कीबोर्ड पाहिला आणि डोळे चमकले तिचे. "मॅडम, हा कुठून मिळाला? मलाही मिळेल का?"

"मिळेल की," मी म्हटलं. "आधी मान आखडू दे तुझी."